टँकवरच्या लाईटमध्ये ओल धरते तेव्हा

जळगावात फिश टँक बांधून देणं आणि त्यावरचे लाईट दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. ओल धरून बिघडलेले लाईट पावसाळ्यात जास्त येत असतील असं लोकांना वाटतं. खरी गर्दी होते ती डिसेंबर-जानेवारीत. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत थंडीपायी रात्री धूर करायची वेळ आली, की रोज कोणी ना कोणी पिशवीत लाईट घेऊन दुकानाची पायरी चढतो. आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: “भाऊ, लाईटमध्ये पाणी गेलं.”

बहुतेक वेळा पाणी गेलेलं नसतं, वाफ गेलेली असते. पाणी अडवायचा उपाय वेगळा आणि वाफेचा वेगळा, म्हणून हा फरक आधी समजून घ्या. लोक घाईघाईनं फटीत सिलिकॉन भरतात, आतली ओल आतच कोंडली जाते आणि थोड्याच दिवसांत एलईडीची पट्टी काळी पडायला लागते. मग म्हणतात, माल खराब होता.

काहीही करायच्या आधी लाईटचा प्लग बोर्डातून उपसून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले पुष्कळदा सापडतात, तिथं बटण बंद असलं तरी फेज लाईटपर्यंत पोचलेलाच असतो. हीटर आणि फिल्टरचेही प्लग काढा, कारण काम करताना पाण्यात हात जातोच. आणि टँकच्या पाण्यात हात घातल्यावर कधी झिणझिण्या आल्या असतील, तर लाईट पुसत बसू नका. मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा.

आता ओल बाहेर आहे की आत, ते बघायचं. लाईट खाली घ्या आणि कोरड्या सुती फडक्यानं काच पुसा. पुसली गेली तर ओल बाहेरची, ती फार चिंतेची नाही. पुसूनही धुकं तसंच राहिलं तर ते आत आहे. हे बघायची वेळ सकाळची, लाईट लावायच्या आधीची. लाईट तासभर चालला की आतलं धुकं उडून जातं आणि घरातल्यांना वाटतं, झालं, सुकलं. ते कुठंही गेलेलं नसतं. गरम हवेत विरघळून आतच राहतं आणि रात्री लाईट थंड झाला की पुन्हा काचेवर उतरतं.

आत कुठं उतरतं तेही नीट बघा, त्यातून बरंच कळतं. धुकं फक्त वायर आत जाते त्या टोकाला असेल, तर तिथलं रबर सैल झालंय किंवा वाळून तडकलंय. एका कडेनं थेंबांची ओळ असेल, तर त्या कडेचा चिकट पदार्थ सुटलाय. पूर्ण काच सारखीच धुरकट असेल, तर ओल बऱ्याच दिवसांची आहे, लाईट उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. मी प्रत्येक लाईट खिडकीच्या उजेडात तिरपा धरून हेच आधी बघतो, स्क्रू नंतर.

ही वाफ आत जाते कशी? टँकचं पाणी हीटरमुळं २६ अंशांवर असतं आणि पाण्याला लागून असलेली हवा वाफेनं भरलेली असते. २६ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २४ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. थंडीच्या पहाटे खोली १२ अंशांवर आली, तर तेवढ्याच हवेत जेमतेम ११ ग्रॅम मावते. उरलेली वाफ जी थंड वस्तू समोर दिसेल तिच्यावर पाणी होऊन बसते, आणि टँकवर सगळ्यात समोर असतो लाईट. रात्री तो बंद असतो, म्हणजे थंड.

एवढ्यानं तो फक्त बाहेरून ओला व्हायला हवा. आत ओल जाते, कारण लाईट श्वास घेतो. चालू असताना आतली हवा तापून फुगते आणि बारीकशा फटीतून थोडी बाहेर पडते. बंद झाला की उरलेली हवा आकसते आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. नेमकी त्या वेळी बाहेर टँकची दमट हवा असते. रोज एकदा असं झालं तरी महिन्यात तीस वेळा वाफ आत गेली. ज्या गावांत भारनियमन आहे तिथं दिवसातून तीन-चार वेळा लाईट अचानक थंड होतो, तिथले लाईट लवकर का जातात ते यावरून समजेल. फट केसाएवढी असली तरी पुरते. तेवढ्या फटीतून पाण्याचा थेंब शिरणार नाही, वाफ मात्र खुशाल शिरते.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, हवा कोरडी असते, त्यामुळं लाईटवर दव धरत नाही. पण पाणी झपाट्यानं उडतं, आणि एअर पंपाचे बुडबुडे फुटताना जे बारीक तुषार वर उडतात ते काचेवर वाळून पांढरा क्षार बसतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर हा थर आठवड्याभरात दिसायला लागतो. आपली जमीन काळ्या पाषाणाची, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. शिवाय घरोघरी कूलर. कूलरचा झोत थेट टँकच्या वर लागत असेल तर झाकणाची काच गार पडते आणि तिच्या खालच्या बाजूला भर उन्हाळ्यात थेंब लटकतात. कूलरचं तोंड फिरवा, दुसरं काही करावं लागत नाही.

पावसाळ्यात तक्रारी कमी, पण तेव्हा आत गेलेली ओल सुकत नाही, हा त्या दिवसांचा त्रास.

ओल आत आहे हे पक्कं झालं की लाईट उघडायचा. टोकाच्या टोप्या दोन-तीन बारीक स्क्रूंवर असतात किंवा नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. दाबून बसवलेली टोपी स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, कड तुटते आणि मग ती कधीच घट्ट बसत नाही. जुन्या एटीएमसारख्या कडक कार्डाची कड घालून हळूहळू फिरवत सोडवा. आतली पट्टी बाहेर सरकवा. पट्टीवरच्या तांब्याच्या टोकांना हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ओलीनं धातू खायला सुरुवात केलीय. मऊ ब्रशानं ती पूड झाडा, मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टोकं पुसा. मोबाईल दुरुस्त करणारे जे ‘आयपीए’ म्हणतात तेच हे, गोलाणी मार्केटला सहज मिळतं. लाईटची काच मात्र ॲक्रिलिकची असेल तर तिला स्पिरिट, थिनर, अल्कोहोल यांतलं काहीही लावू नका. तिला जाळीदार बारीक तडे जातात, ते परत जात नाहीत. ॲक्रिलिकला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस.

क्षाराचा पांढरा थर घासायचाच नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर निंबूसत विरघळवा, फडकं त्यात भिजवून थरावर दहा मिनिटं पसरून ठेवा, मग पुसा आणि साध्या पाण्यानं दोनदा धुवा. हे मोरीत करायचं, टँकवर नाही. आंबट पाणी माशांच्या पाण्यात पडता कामा नये.

सुकवताना घाई नको. मार्च ते मे आपल्याकडची दुपारची हवा अशी कोरडी असते, की उघडलेला लाईट पंख्याखाली सावलीत ठेवला तर दिवसभरात खडखडीत होतो. मुद्दाम सावलीत म्हणतोय, मेच्या उन्हात पातळ प्लास्टिक वाकतं आणि पट्टीमागचा डिंक सुटतो. हेअर ड्रायरही जवळून मारू नका. ऑगस्टमध्ये मात्र पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही भागत नाही. तेव्हा सगळे भाग घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेल ठेवा, निळ्या खड्यांचं मिळालं तर उत्तम. खडे गुलाबी झाले म्हणजे त्यांनी ओल ओढली. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. त्यासाठी वेगळा जुना तवा ठेवा, ते खडे स्वयंपाकाच्या भांड्यात नकोत, त्यांचा निळा रंग विषारी असतो.

तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला सगळीकडं चालतो. तांदूळ फारशी ओल ओढत नाही आणि पीठ टोकांत अडकतं ते वेगळंच.

सुकलं की नाही हे बंद करायच्या आधी तपासता येतं, आणि ही एक पायरी कुणी चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. टोप्या नुसत्या बसवा, कोरड्या टेबलावर लाईट तासभर चालू ठेवा. मग प्लग काढा आणि गार पाण्यात पिळलेलं फडकं काचेच्या मधोमध पाच मिनिटं ठेवा, टोकांपासून लांब. फडकं उचलून काच पुसा. त्या जागी आतून धुकं दिसलं तर अजून ओल आहे, पुन्हा उघडा. स्वच्छ राहिली तर आता सिलिकॉन काढा.

सिलिकॉन दोन तऱ्हेचं असतं. टँकच्या काचा चिकटवायला आपण जे वापरतो त्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. काचेला ते उत्तम, पण सुकताना त्यातून ॲसिड सुटतं आणि तांब्याला खातं. लाईटच्या आतल्या भागाला ते कधीच वापरू नका. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा, नळीवर तसं छापलेलं असतं, आंबट वास येत नाही. कोरड्या दिवशी दुपारी लावा, लाईट किंचित कोमट असताना, म्हणजे आत कोरडी हवा बंद होईल. मग पूर्ण एक दिवस लाईट टँकवर चढवायचा नाही. कंपनीनं रबरी रिंग दिली असेल तर सिलिकॉन न भरता रिंगच बदलून घ्या, पुढच्या वेळी उघडायला बरं पडतं.

इथवर झाली दुरुस्ती. पण टँकवरची हवा तशीच दमट राहिली तर लाईट पुन्हा येणार माझ्याकडं, म्हणून खरं काम टँकवर आहे.

सावद्याकडच्या एका केळीवाल्याचं उदाहरण सांगतो. ओसरीत तीन फुटी टँक, वर सुताराकडून बनवून घेतलेला प्लायचा सुंदर टॉप, सनमायका लावलेला, झाकण असं घट्ट की आत मुंगी जाणार नाही. लाईट टॉपच्या आतल्या बाजूला स्क्रूनं ठोकलेला. दर हिवाळ्यात लाईट जायचा. “काय भो, हा बी गेला!” म्हणत तो यायचा, आणि दर वेळी आधीपेक्षा महाग लाईट न्यायचा. मी टँक बघायला गेलो. टॉप उचलला तर आतलं लाकूड ओलं, स्क्रू गंजलेले, लाईटच्या पोटाला थेंबांची रांग. वाफेला बाहेर जायला वाटच नव्हती. त्यात रात्री पाणी गार होऊ नये म्हणून घरातले टॉपवरून गोधडी पांघरायचे.

तिथं जे केलं तेच बहुतेक टँकला लागू पडतं. पाण्यावर ४ मिलिमीटरची काच झाकण म्हणून बसवली, कडा घासून घेतलेल्या. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित खाली, म्हणजे काचेखाली जमलेलं पाणी ओघळत मागं जातं आणि टँकमध्येच पडतं. मागं दोन बोटं जागा मोकळी सोडली, माशांनाही हवा हवी. लाईट पुढच्या निम्म्या भागावर ठेवला, त्या फटीच्या वर नाही. प्लायच्या टॉपला मागच्या बाजूनं दोन लांब खाचा पाडल्या. लाईट काचेपासून तीन-चार इंच वर उचलला, खालून हवा खेळली पाहिजे. वायर जाते तिथलं भोक मोठं होतं, तर त्याच्याच शेडमध्ये ठिबकचं सामान पडलेलं होतं, त्यातलं ग्रोमेट त्या भोकात बसवलं. पीव्हीसी पाइपला लॅटरल जोडताना वापरतात तेच रबर. वायर भोवती घट्ट धरतं आणि लाकडाची कडही वायरीला कापत नाही. आपल्या जिल्ह्यात हे रबर ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याच्याकडं असतंच. गोधडी बंद केली, त्याऐवजी टँकच्या मागं आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल लावला. ऊब राहते आणि वाफ कोंडत नाही. तो लाईट अजून चालतोय.

हीटरकडंही बघा. थंडीच्या धास्तीनं बरेच जण तो ३० वर ठेवतात. गप्पी, मॉली, एंजल यांना २५-२६ अंश छान चालतात, आणि गोल्डफिशला तर घरात हीटर लागतही नाही. पाणी आणि खोली यांच्या तापमानातलं अंतर जेवढं कमी, तेवढी वाफ कमी. याला एक रुपया लागत नाही. फक्त एका दिवसात चार अंश खाली आणू नका, रोज एखादा अंश उतरवा.

एअर स्टोन लाईटच्या बरोबर खाली असेल तर कोपऱ्यात सरकवा आणि नळीला छोटा कॉक लावून हवा कमी करा. पाणी उकळल्यासारखं दिसलं म्हणजे माशांना जास्त ऑक्सिजन मिळतो असं नाही, पृष्ठभाग हलता राहिला की पुरतं.

एवढं करूनही ओल धरत असेल तर १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा टॉपच्या एका टोकाला लावा. तो खोलीतली हवा आत ढकलणारा असावा. उलटा लावला तर टँकची दमट हवा त्याच्याच पात्यांतून जाते आणि पंखाच आधी गंजतो. उन्हाळ्यात या पंख्यानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं हा वरचा फायदा. पाणी मात्र जास्त उडतं, रोज भर घालावी लागते. ती जमेल तर गाळलेल्या आरओच्या पाण्यानं घाला, कारण उडालेल्या पाण्याचे क्षार मागं टँकमध्येच राहतात.

वायरिंगचं थोडक्यात, पण हे जिवाशी आहे. ॲडाप्टर कधीही टॉपवर किंवा टँकच्या मागं खाली ठेवू नका, भिंतीवर टँकच्या काठापेक्षा वर टांगा. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या. वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. लाईटचं अंग धातूचं असेल तर तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग हवं. आणि टँकच्या बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या. घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉक लागताना ती पडत नाही. आरसीसीबी पडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. ज्या घरात लहान मुलं खुर्चीवर चढून माशांना खाणं टाकतात, तिथं मी ही बसवल्याशिवाय लाईट लावूनच देत नाही.

नवा लाईट घेताना खोक्यावर ‘आयपी’चा आकडा बघा. दुसरा अंक पाण्याचा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, तो झाकण-काचेशिवाय टँकवर लावूच नये. ६५ म्हणजे पाण्याचा झोत सहन करेल, ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल. ही परीक्षा पाण्याची आहे. रोज तापून थंड होताना वाफ ओढली जाते ती त्यात मोजलेली नसते, म्हणून ६७चा लाईटही बंद टॉपमध्ये कोंडला तर दव धरतो. शक्य असेल तिथं १२ किंवा २४ व्होल्टचा, बाहेर ॲडाप्टर असलेला लाईट घ्या. ओल गेलीच तर पट्टी जाईल, माणसाला धोका कमी.

खाऱ्या पाण्याचा टँक आपल्याकडं थोडेच ठेवतात. त्यांनी लाईट साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं दोन दिवसांआड पुसावा. मिठाचा थर हवेतली ओल धरून ठेवतो आणि त्यातून करंट वाहतो.

काही लाईट दुरुस्त करू नयेत. सरळ २३० व्होल्टवर चालणाऱ्या ट्यूबच्या टोकांना पांढरी पूड साचली असेल, प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, चालू केल्यावर जळका वास येत असेल किंवा मधूनच लुकलुकत असेल, तर तो फेकायचा, आणि फेकताना वायर कापून फेकायची, म्हणजे दुसरं कुणी उचलून लावणार नाही. जुन्या चोकवाल्या पट्ट्यांचे होल्डर गंजले असतील तर तेही तसंच. १२ व्होल्टची पट्टी काळी पडली असेल तर अंग ठेवा, फक्त पट्टी बदला. पट्टी नेताना जुनी सोबत आणा, रुंदी आणि व्होल्टेज जुळवून देता येतं.